डबी अस्सल, नाणं भलतंच

टांकसाळ संग्राहकांसाठी नाण्यांचे खास सेट डबीत घालून काढते; अशा सेटमध्ये फसवणूक झाली की लोक आधी डबी तपासतात आणि तिथेच चुकतात. डबी बहुतेक वेळा खरीच असते. रिकाम्या डब्या आणि माहितीकार्डं सुटी विकली जातात. त्यामुळे अस्सल डबीत दुसरंच नाणं बसवून 'पूर्ण प्रूफ सेट' (प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेलं, आरशासारखं नाणं) म्हणून विकणं सोपं जातं.

असा एक नमुनेदार व्यवहार घ्या. १०० रुपयांचं मोठं नाणं आणि सोबत ५ रुपयांचं, असा दोन नाण्यांचा सेट. विक्रेत्याचा हिशोब सरळ दिसतो: "३५ ग्रॅम चांदी, वर प्रूफ." या एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी आहेत.

पहिली, चांदी. १०० रुपयांची बहुतेक स्मारक नाणी ४४ मिमी व्यासाची, ३५ ग्रॅमची, काठावर २०० दाते असलेली असतात, पण धातू मिश्र असतो: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. त्या दिवशीच्या दराला १७.५ ने गुणा; त्यावरची रक्कम ही घडणावळ, डबी, कर आणि दुर्मिळता यांची. नाण्यावर छापलेल्या आकड्याचा इथे काही संबंध नाही. उलट, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीचं २०१० सालचं १००० रुपयांचं नाणंही ३५ ग्रॅम आणि ४४ मिमीचंच, पण त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे २८ ग्रॅम. आकार तोच, वजन तेच, चांदीत साडेदहा ग्रॅमचा फरक. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक नाण्याची राजपत्रातली अधिसूचना उघडायची. अर्थमंत्रालय त्यात व्यास, वजन, धातू, दाते आणि दोन्ही बाजूंचा मजकूर देतं. अधिसूचनाच सापडत नसेल तर त्या 'नाण्या'वर पुढे बोलूच नये.

दुसरी गोष्ट, 'प्रूफ'. प्रूफ आणि यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे साध्या पद्धतीने घडवलेलं पण चलनात न फिरलेलं नाणं) यांचा धातू एकच असतो, त्यामुळे सराफाच्या यंत्रात दोन्ही सारखीच पास होतात. फरक घडवण्याच्या पद्धतीत आहे. प्रूफसाठी चकती आणि ठसा दोन्ही घासूनपुसून आरशासारखे केलेले असतात आणि ठोका एकापेक्षा जास्त वेळा पडतो. मोकळी जागा आरशासारखी, चित्र आणि अक्षरं मंद पांढुरकी, काठ धारदार. यूएनसी नाणं दिव्याखाली फिरवलं की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. फसवणारे यूएनसी नाणं बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, घासतात. १० पट भिंगाखाली ते लगेच उघडं पडतं: एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा, अक्षरांच्या कडा गोलावलेल्या, आणि चित्रसुद्धा चकचकीत. प्रूफमध्ये चित्र चकाकत असेल तर थांबा.

चांदीचा मुलामा दिलेली नक्कल हा आणखी वरचा प्रकार. धातू तपासणारं यंत्र फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा त्याला चकवतो. पाण्याची चाचणी सहसा चकत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला आणि बाजूंना टेकू देऊ नका. ३५ ग्रॅमच्या ५० टक्के चांदीच्या नाण्याला काटा सुमारे ३.६७ ग्रॅम दाखवतो, ८० टक्केवाल्याला ३.४५. तांबं-निकेलच्या नकलेला ३.९, पितळेच्या नकलेला ४.१. मात्र ही चाचणी सुट्या यूएनसी नाण्यापुरतीच. प्रूफला पाणी आणि बोट दोन्ही वर्ज्य. तिथे भिंगावर, आणि नाणं पारदर्शक कॅप्सूलबाहेर असेल तरच वजन-व्यासावर भागवावं लागतं.

जुन्या वार्षिक सेटमध्ये खेळ वेगळा. १९६९ ते १९७१ चं १० रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. १९७२ आणि १९७३ मध्ये चांदी ५० टक्क्यांवर आली. १९७४ पासून १० रुपये तांबं-निकेलचे झाले आणि चांदी ५० रुपयांच्या नाण्यात गेली. तरीही '१० रुपये, चांदी' असं सांगून १९७४ नंतरची नाणी विकली जातात. बाकीची छोटी नाणी कुणी पाहतच नाही, आणि फोडलेला सेट जुळवताना भर तिथेच घातली जाते. त्या काळातल्या मुंबई टांकसाळीच्या प्रूफ नाण्यांवर सालाखाली बी हे इंग्रजी अक्षर असतं. चलनातल्या मुंबईच्या नाण्यांवर चौकट (पत्त्यातल्या चौकटसारखं चिन्ह), हैदराबादच्या नाण्यांवर चांदणी, कोलकात्याच्या नाण्यांवर काहीच नाही. मुंबईच्या प्रूफ सेटमधल्या २ पैशांवर चौकट दिसली तर ते नाणं चलनातून उचलून बसवलेलं आहे. पैसे देण्याआधी प्रत्येक नाण्याच्या सालाचा जवळून फोटो मागवा. विक्रेता फक्त बंद डबीचा फोटो पाठवत राहिला तर कारण समजून घ्या.

नव्या सेटचं आगाऊ बुकिंग सरकारी टांकसाळ महामंडळ आपल्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीतच घेतं. मुदत संपल्यावर 'कोट्यातला सेट' म्हणून व्हॉट्सॲपवर आगाऊ रक्कम मागणारा बहुधा कधीच सेट पाठवत नाही. याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे जुनं नाणं लाखात विकत घेतो म्हणून आधी कमिशन किंवा कर भरायला लावणं. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: असा कसलाही व्यवहार बँक करत नाही, आणि आपल्या नावाने शुल्क घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही.

पार्सल उघडताना सील तोडण्यापासून सलग व्हिडिओ काढा आणि नाणं कॅप्सूलमधून बाहेर काढू नका. एकदा काढलं की "तुम्हीच बदललं" हे उत्तर ठरलेलं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात. पुढे रक्कम दुसऱ्या खात्यांत वळवली गेली की ती अडवणं कठीण होतं.