रिपोर्टची फाइल की आभा?

सिडकोतल्या मावशींनी परवा विचारलं, "काकांचे रिपोर्ट फाइलीतच ठेवू, का ते आभा काढू?" आभा म्हणजे रिपोर्ट फोनवर ठेवायचं सरकारी आरोग्य खातं. काकांना बीपी आणि शुगर, दोन्ही.

खर्चात फारसा फरक नाही. फाइल पन्नास-साठ रुपयांत येते. आभाचा 14 अंकी नंबर फुकट मिळतो, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला की झालं.

टिकण्याचं मात्र बघा. मावशींनी फाइल उघडली तर ईसीजीची पट्टी जवळजवळ कोरी! तो थर्मल कागद, उन्हानं नि प्लॅस्टिकच्या पाकिटानं रेघा उडतात. नदीकाठच्या घरांत तर पुराच्या पाण्याचीही धास्ती. फोनमधला फोटो पुसट होत नाही.

मेहनत? इथं आभाबद्दल गैरसमज फार. नंबर काढला म्हणून जुने रिपोर्ट आपोआप गोळा होत नाहीत. दवाखाना किंवा लॅब आभाच्या यंत्रणेला जोडलेली असेल तरच नवे रिपोर्ट येतात, बाकीचे फोटो काढून आपणच चढवायचे. फाइलीत कागद सरकवला की काम संपलं (तारखेप्रमाणे लावणारा माणूस मला अजून भेटायचाय).

डॉक्टरांसमोर फाइलच भारी. ते भराभर पानं उलटतात. फोनवर बोटांनी मोठं करत बसायला त्यांना वेळ कुठला?

मुलगा पुण्यात, तपासण्या वरचेवर, तर आभा काढाच. एकाच डॉक्टरांकडे जाणाऱ्याला, फोन न जमणाऱ्याला फाइल पुरते. मावशींना म्हटलं, फाइल ठेवा, पण ईसीजीची झेरॉक्स आजच काढा.