‘संशोधनासाठी निवड झाली’ म्हणून ८७,९०० रुपये घेतले, वर हाडंही झिजवली

आधी आकडे देते. नोंदणी ४,५०० रुपये. ‘जनुकीय प्रकृती तपासणी’ १८,०००. औषधांचे तीन हप्ते, प्रत्येकी १६,८००. शिवाय ‘अभ्यास संपल्यावर परत मिळणारी’ अनामत १५,०००. एकूण ८७,९०० रुपये, आणि त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

मला रुमॅटॉइड संधिवात आहे, आयुर्वेदात ज्याला आमवात म्हणतात त्याच्या जवळचा. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. मेथोट्रेक्सेट, म्हणजे हा आजार आवरणारं औषध, आठवड्यातून एकदा घ्यायचं, पुढचा अख्खा दिवस मळमळीत जातो. ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांनी ‘कशी काय भुललीस’ असं विचारू नये.

मोफत तपासणी शिबिरात नाव-नंबर लिहून घेतात आणि मग फोन येतो, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होती. ‘औषध विकत घ्या’ असं कुणी म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता. पण मला फोन करणारे हे लोक म्हणाले, ‘ताई, ऑटोइम्यून आजारांवर आयुर्वेदाचं संशोधन चाललंय, तुमचे रिपोर्ट त्यात बसतात.’ ऑटोइम्यून म्हणजे माझ्यासारखे, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार. भेटीत पुढ्यात छापील कागद ठेवले, आणि त्यातला एक तर अगदी खरा होता. कोइंबतूरला झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. रुग्ण ४३, काळ ३६ आठवडे, तीन गट: आयुर्वेदिक औषधं, मेथोट्रेक्सेट, आणि दोन्ही. तिन्ही गटांना साधारण सारखाच फायदा दिसला. हे सगळं खरंच आहे. कोण काय घेतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यालाही नव्हतं, म्हणजे पद्धत चोख होती. पण तो लहानसा प्राथमिक अभ्यास होता. त्यातून ‘आजार मुळापासून जातो’ असं कुठेही निघत नाही. खऱ्या कागदाच्या आडोशाने खोटं विकलं, याचा राग सगळ्यात जास्त येतो.

आता तो क्षण. संमतीपत्रावर सही करताना ‘चाचणी नोंदणी क्रमांक’ या ओळीपुढे जागा कोरी होती. मी विचारलं. समोरचा मुलगा म्हणाला, ‘प्रोसेसमध्ये आहे, मॅडम.’ मी पतपेढीत कामाला आहे, कोऱ्या रकान्याचा कागद मी कधी पुढे सरकवत नाही. तिथेच उठायला हवं होतं. संमतीपत्राची प्रतसुद्धा दिली नाही, आणि पावतीवर शब्द होता ‘सहयोग निधी’. तो रकाना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण त्या दिवशी बोटं इतकी सुजली होती की पेन धरायला दोन्ही हात लागले. अशा वेळी माणूस रकाने वाचत बसत नाही.

रुग्णाने पैसे भरायचे असतील तर ते संशोधन नव्हेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नीतितत्त्वं सांगतात की संशोधनाचा खर्च सहभागी माणसावर टाकायचा नाही. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. क्रमांक मागा, तिथे स्वतः शोधा. सापडला नाही तर चालते व्हा.

पुढे काय झालं ते लिहिताना हात थरथरतो. मेथोट्रेक्सेट बंद करायला लावलं, ‘दोन्ही औषधं एकत्र आली तर अभ्यासाचा निकाल बिघडेल’ म्हणे. लेबल नसलेल्या पुड्या दिल्या. आठवडाभरात सूज उतरली आणि मी घरभर सांगत सुटले. मग चेहरा गोल झाला, भूक वाढली, कधी नव्हे ती साखर चढली. हे लोक म्हणाले, ‘आम पचतोय.’ आम म्हणजे आयुर्वेदानुसार अंगात साठलेला न पचलेला दोष. शेवटी माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे परत गेले. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, अगदी खाली आलेलं. बाहेरून स्टेरॉइड घेतलं की असं होतं. पुडीत स्टेरॉइड असणार, असं त्यांचं मत पडलं. स्टेरॉइडने सूज दबली, पण आजार आत चालूच राहिला. एक्स-रेमध्ये मनगटाची हाडं झिजलेली दिसली. ती झीज भरून येत नाही.

पोलीस चौकीत म्हणाले, ‘तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, सही तुमचीच आहे, दिवाणी प्रकरण आहे.’ औषधांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात म्हणाले, सीलबंद आणि लेबल असलेला नमुना आणा. अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! वैद्यांची नोंदणी पाहणाऱ्यांनी सांगितलं की हा माणूस आमच्याकडे नोंदलेलाच नाही, म्हणून कारवाई आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे नोंदणी असलेल्याला जाब विचारणार, आणि नोंदणीशिवाय विष विकणारा मोकळा? १९५४चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत संधिवात आहे, ल्युपस हा तसाच प्रतिकारशक्ती उलटण्याचा आजारही आहे. असले आजार बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. मी तो कायदा छापून नेला. टेबलावरच्या साहेबांनी तो उलटा ठेवून वर चहाचा कप ठेवला. अर्जाची पोच मागितली तर ‘उद्या या’.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी चेक दिले होते.

हे वाचून आयुर्वेदाला शिव्या घालू नका. पुण्यात संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने याच आजारावर आयुर्वेदिक औषधाची चाचणी केली, १८२ रुग्णांवर, १६ आठवडे. ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाशिवायची गोळी घेणाऱ्यांनाही बराच उतार पडला आणि औषध ठळकपणे सरस ठरलं नाही. हे त्यांनी जसंच्या तसं छापलं. संशोधन करणारी माणसं अशी असतात. ‘शंभर टक्के’ म्हणणारा दुकानदार असतो.

रिकाम्या पुड्या, पावत्या, मेसेज काही टाकू नका. लेबलवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नसेल तर तोंडात घालू नका. चालू औषध फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून कधीही थांबवू नका.

आणि सध्या कुणी अशा पुड्या खात असेल, चेहरा सुजला असेल, तर घाबरून आजच्या आज एकदम बंदही करू नका. आत स्टेरॉइड असेल तर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. उरलेल्या पुड्या घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, काय खाल्लं ते लाज न बाळगता सांगा, आणि कसं कमी करायचं ते त्यांना ठरवू द्या.