ईटी प्राइम, मिंट, मनीकंट्रोल प्रो की द केन: पैसे कशाला मोजायचे?

शीर्षकातली चारही नावं पैसे भरून वाचायच्या अर्थविषयक बातम्यांची आहेत. परवा मेहुण्याने विचारलं, "वर्गणीचा सेल चालू आहे, ईटी प्राइम घेऊ की मनीकंट्रोल प्रो?" मी विचारलं, "एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम, सोडून आणखी काय करतोस?" तो म्हणाला, "काहीच नाही." मी म्हटलं, "मग काहीच घेऊ नकोस."

हे कंजूषपणाने सांगितलं नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत (वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे ६० दिवसांत) जाहीर करावे लागतात आणि ते बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर कुणालाही फुकट वाचता येतात. मोठ्या कंपन्यांची विश्लेषकांशी झालेली बोलणीही तिथे शब्दशः मिळतात. 'नफा इतक्या टक्क्यांनी वाढला' ही बातमी पाच मिनिटांत पन्नास ठिकाणी येते, तिच्यासाठी कोण पैसे देणार? म्हणून वर्गणीचं कुलूप लागतं ते बातमीच्या पुढच्या भागाला: हे का झालं, आणि आता काय करू?

या दोन प्रश्नांवरच दुकानं वेगळी होतात.

'का झालं' यावर उभं आहे ते द केन. २०१६ साली बंगळूरमध्ये सुरू झालं ते जाहिरातींविना, दिवसाला एका मोठ्या लेखावर. क्लिकवर पैसे मिळवणाऱ्या साइटला हे परवडलंच नसतं, तिला दिवसभर मजकूर ओतत राहावा लागतो. इथे वर्गणीदार पुढच्या वर्षी टिकला म्हणजे झालं. लेख मात्र स्टार्टअप, फिनटेक (तंत्रज्ञानावर चालणाऱ्या पैशांच्या सेवा), आरोग्यसेवा अशा धंद्यांची चिरफाड करणारे. उद्या कोणता शेअर घ्यावा हे त्यात शोधाल तर चिडाल.

'आता काय करू' हे विकतं मनीकंट्रोल प्रो, २०१९ पासून. शेअर्सवरचं संशोधन, भावांच्या आलेखांवरून बांधलेले अंदाज, जाहिरातींविना अ‍ॅप, शिवाय फायनान्शियल टाइम्सचे निवडक लेख. स्वतः शेअर्स निवडणाऱ्याला उपयोगी. पण रोज नवी कल्पना समोर आली की हात शिवशिवतात, आणि त्याचा खर्च वर्गणीपेक्षा जास्त असतो.

इकॉनॉमिक टाइम्सच्या ईटी प्राइमची गोष्ट बोलकी आहे. २०१८ मध्ये ते सावकाश वाचायच्या लेखांचं वेगळं दालन म्हणून आलं. आज त्याच वर्गणीत ई-पेपर आणि शेअर्सना गुण देणारे अहवालही मिळतात. माझा अंदाज असा की नुसत्या लेखांवर माणूस टिकत नाही, रोज उघडावं लागेल असं काहीतरी हातात द्यावं लागतं. सगळं थोडं थोडं हवं असेल तर हे बरं. मिंट या अर्थविषयक दैनिकाचा ओढा जगाकडे: वॉल स्ट्रीट जर्नल आणि इकॉनॉमिस्टचे निवडक लेख तिथे वाचायला मिळतात. अमेरिकेत पैसे गुंतवलेल्यांनी किंवा तिकडे मुलं असलेल्यांनी आधी मिंट पाहावं.

मराठीत यांच्या तोडीचं, पैसे देऊन घ्यावं असं अजून मला दिसलेलं नाही.

घ्याल तेव्हा पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव बघा. माझ्या एका वर्गणीचे दुसऱ्या वर्षी जवळजवळ दुप्पट पैसे कापले गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि ती आलीही होती, कर्जाच्या जाहिरातींच्या मेसेजमध्ये दडून. तेव्हापासून मी वर्गणी घेतली की त्याच दिवशी ऑटोपे बंद करतो.

मेहुण्याने लोकसत्तातल्या सोमवारच्या अर्थवृत्तान्तवर भागवलं आहे. भाची स्टार्टअपमध्ये आहे. तिने द केन ऑफिसच्या खर्चात लावून घेतलं.