वूकॉमर्स: छोट्या व्यवसायाच्या ऑनलाइन दुकानासाठी कितपत उपयोगी?

हाताने शिवलेल्या वह्या विकण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे आणि गेली तीन वर्षे त्याचे ऑनलाइन दुकान मी वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे प्लगिन, म्हणजे दुकानाची सोय देणारी जोड, बसवून स्वतः चालवते आहे. वह्या शिवणे, त्यांचे फोटो काढणे, पार्सल बांधणे आणि वेबसाइट सांभाळणे ही सगळी कामे माझ्या एकटीकडेच असल्यामुळे एखादे साधन किती वेळ वाचवते आणि किती वेळ खाते, हे मला फार लवकर कळते. वूकॉमर्स मला मनापासून आवडले आहे. मात्र ते बसवल्यावर जे दुकान मिळते ते बांधून तयार असते, मांडून तयार नसते. कोणती वस्तू कुठे आणि कशी दिसावी, हे काम पुढे आपल्यालाच करावे लागते आणि विक्रीचा बराचसा भाग त्याच कामावर अवलंबून असतो.

याआधी माझे दुकान मासिक वर्गणी घेणाऱ्या एका तयार सेवेवर होते. तिचे नाव येथे देत नाही. सुरुवात फार सोपी होती, पण तेथून बाहेर पडायचे ठरवले तेव्हा उत्पादनांची यादी तेवढी हाती आली. ग्राहकांनी दोन वर्षांत लिहिलेले अभिप्राय बाहेर काढण्याची सोयच नव्हती, ते तेथेच राहिले. नव्या ग्राहकाचा विश्वास ज्या शब्दांवर बसतो तेच शब्द गमावल्याचे मला आजही वाईट वाटते. वूकॉमर्स निवडण्याचे माझे पहिले कारण हेच होते. २०११ मध्ये आलेले आणि २०१५ पासून ऑटोमॅटिक या कंपनीकडे असलेले हे प्लगिन मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो. उत्पादने, ऑर्डरी आणि अभिप्राय हे सगळे आपण घेतलेल्या होस्टिंगवरील (वेबसाइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवरील) आपल्याच डेटाबेसमध्ये राहते, आणि होस्टिंग बदलले तर दुकान उचलून दुसरीकडे नेता येते. डोमेनही (वेबसाइटचा पत्ता) अर्थातच स्वतःच्या नावावर हवे. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासून पाहावी.

आता उत्पादनाच्या पानाविषयी, कारण माझा सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला आहे. पूर्वी माझ्या वेबसाइटवर एकाच वहीची सहा वेगवेगळी पाने होती: कोरा, आखीव आणि चौकटींचा कागद, आणि प्रत्येकाचे दोन आकार. ग्राहक एका पानावरून दुसऱ्या पानावर जात आणि फरक नेमका कशात आहे हे शोधत बसत. वूकॉमर्समध्ये एका उत्पादनाचे असे अनेक प्रकार एकाच पानावर ठेवता येतात आणि प्रत्येक प्रकाराला स्वतःचा फोटो, स्वतःची किंमत आणि स्वतःचा साठा देता येतो. सहा पानांचे एक पान झाले. तरीही एक अडचण उरली होती. प्रकार निवडल्याशिवाय खरेदीचे बटण चालत नाही, आणि दोन याद्यांपैकी एक निवडायची राहून गेली तर ग्राहकाला वाटते की वेबसाइटच बंद पडली आहे. आधीपासून निवडलेला प्रकार कोणता असावा हे ठरवण्याची सोय उत्पादनाच्या सेटिंगमध्येच आहे. तेथे मी सर्वाधिक खपणारी वही ठेवली आहे, त्यामुळे पान उघडताक्षणी बटण चालू असते.

त्याच पानावरच्या फोटोंनी मला बरेच शिकवले. माझा पहिला फोटो मुखपृष्ठाचा होता, देखणा आणि स्वच्छ, पण वही केवढी आहे हे त्यातून कळत नसे. ए५ म्हणजे १४.८ बाय २१ सेंटिमीटर हे कागदाच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असते, इतरांना नसते. आता पहिल्या फोटोत वही उघडी आहे, तिच्यावर पेन्सिल आडवी ठेवली आहे आणि पान हाताने धरलेले आहे, त्यामुळे ती किती सपाट उघडते हेही दिसते. तिसरा फोटो एका पानाच्या मागच्या बाजूचा आहे, पुढच्या बाजूला शाईच्या पेनाने लिहिलेले असताना. ‘शाई मागे उमटते का?’ हा प्रश्न मला आठवड्यातून अनेकदा येत असे. तो फोटो लावल्यापासून तो जवळजवळ थांबला. वजन आणि मापे भरली की वूकॉमर्स ती ‘अधिक माहिती’च्या भागात आपोआप दाखवते, पण तो भाग पानात खाली असतो आणि मोबाइलवर तेथपर्यंत फारसे कोणी जात नाही. म्हणून पानांची संख्या, कागदाची जाडी आणि माप मी फोटोजवळ येणाऱ्या छोट्या वर्णनातच लिहिते.

ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यासांतून काढलेल्या सरासरीनुसार कार्टमध्ये वस्तू टाकणाऱ्या सुमारे ७० टक्के लोकांची खरेदी पूर्ण होत नाही. त्यातले कितीतरी जण नुसते पाहायला आलेले असतात. पण ज्यांना खरोखर घ्यायचे असते ते अडतात ते प्रामुख्याने शेवटी अचानक वाढलेल्या खर्चामुळे, आणि खाते उघडण्याच्या सक्तीमुळेही. वूकॉमर्सचे चेकआउट (पत्ता आणि पैसे भरण्याचे पान) या दोन्ही बाबतींत चांगले वळवता येते. खाते न उघडता ऑर्डर देण्याची परवानगी एका खुणेने मिळते आणि ती द्यावीच. पाठवणीचा खर्च कार्टच्या पानावरच मोजून दाखवता येतो. मी त्याच्याही पुढे जाऊन तो प्रत्येक उत्पादनाच्या पानावर एका वाक्यात लिहिला आहे. कंपनीचे नाव आणि पत्त्याची दुसरी ओळ हे रकाने लपवता येतात, ते मी लपवले. फोन नंबर ठेवला आहे, कारण कुरिअरला तो लागतो.

कूपनच्या रकान्याचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. वेबसाइटवर काही मोठा बदल केला की मी माझ्या मावशीच्या हातात मोबाइल देते, एक वही विकत घ्यायला सांगते आणि शेजारी गप्प बसून पाहते. एकदा ती पैसे भरण्याच्या अगदी जवळ पोहोचली, तिला कूपनचा रकाना दिसला आणि ‘माझ्याकडे कूपन नाही, ते कुठे मिळते?’ असे म्हणत ती पान सोडून कूपन शोधायला निघून गेली. मी वर्षातून एखाद्याच वेळी सवलत देते. त्या एका वेळेसाठी उरलेले वर्षभर प्रत्येक ग्राहकाच्या मनात आपण जास्त पैसे देत आहोत अशी शंका मी उभी करत होते. सेटिंगमधून कूपनची सोय बंद केली की तो रकानाही नाहीसा होतो.

वेगाच्या बाबतीत प्लगिनपेक्षा आपले फोटो आणि आपण निवडलेली थीम (वेबसाइटच्या रूपाचा तयार साचा) यांचाच भार जास्त असतो. गूगलच्या कसोटीप्रमाणे पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, आणि उत्पादनाच्या पानावर हा भाग बहुधा फोटोच असतो. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो जसाच्या तसा चढवू नये. आकार कमी करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात द्यावा, वर्डप्रेस ते २०२१ पासून स्वीकारते. पान लवकर उघडावे म्हणून कॅशिंगचे प्लगिन (पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणारे) वापरत असाल, तर कार्ट, चेकआउट आणि ग्राहकाच्या खात्याची पाने त्यातून वगळली आहेत ना, हे पाहून घ्यावे. नाहीतर एकाला दुसऱ्याची कार्ट दिसण्यासारखा गंभीर घोळ होऊ शकतो.

मराठीत दुकान मांडणाऱ्यांसाठी एक खास सूचना. अनेक थीम इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात आणि त्यांच्या शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. रोमन लिपीत ते शोभते. देवनागरीत मात्र त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. थीमच्या सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) हे अंतर शून्य करावे, आणि ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडत नाहीत. फिकट करड्या अक्षरांचा मोहही टाळावा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात ४.५ ला १ इतका तरी उजळपणाचा फरक असावा, असे वेब सुगम्यतेचे निकष सांगतात. माझ्या जुन्या पानावर किंमतच फिकट करड्या रंगात होती. उन्हात उभे राहून मोबाइल पाहणाऱ्या माणसाला ती दिसतच नसे.

राहता राहिली देखभाल. वूकॉमर्स घेणाऱ्याने ती आधीच हिशेबात धरावी. वर्डप्रेस, थीम, वूकॉमर्स आणि त्याला जोडलेली प्रत्येक लहानमोठी सोय यांचे अपडेट वेगवेगळे येतात, आणि ते टाळत राहिलो तर सुरक्षेची भोके उघडी राहतात. प्लगिन मोफत असले तरी होस्टिंग, डोमेन आणि जोडायच्या काही सोयी विकत घ्याव्या लागतात. ऑर्डरीचे ईमेल होस्टिंगच्या साध्या सोयीवर सोडले तर ते अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडतात, म्हणून ईमेल पाठवणारी वेगळी सेवा जोडणे चांगले. माझे दर आठवड्याचे साधारण दोन तास या कामात जातात. बॅकअप रोज होतो, आणि दर तीन महिन्यांनी तो वेगळ्या जागी पुन्हा उभा करून मी एक खोटी ऑर्डर देऊन पाहते. बॅकअपची फाइल आहे एवढ्यावर मी विसंबत नाही.

ज्यांच्याकडे चार-पाचच वस्तू आहेत आणि तांत्रिक बाबतीत हात घालण्याची अजिबात इच्छा नाही, त्यांनी वर्गणीची तयार सेवा घ्यावी, फक्त ऑर्डरी आणि अभिप्राय बाहेर काढता येतात का, हे पैसे भरण्याआधी करून पाहावे. आठवड्याचे दोन तास ज्यांना देता येतील आणि दुकानातली प्रत्येक फळी आपल्या मनाप्रमाणे लावायची आहे, त्यांना मी निःशंकपणे वूकॉमर्स घ्यायला सांगेन. सुरुवात एकाच उत्पादनाने करावी, त्याचे पान नीट जमेपर्यंत दुसरे चढवू नये, आणि पहिली ऑर्डर स्वतःच्या मोबाइलवरून, खरे पैसे भरून, स्वतःच द्यावी.