अटेस्टेशन फॉर्म भरून देणारी मानखुर्दची दुकानं: टायपिंग चोख, अटकेच्या रकान्यात घोळ

टायपिंगला पाचपैकी चार, अटकेच्या रकान्याला एक.

केंद्र सरकारी नोकरीत निवड झाली की अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे पूर्ववृत्त पडताळणीचा फॉर्म, भरावा लागतो. बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) असो, गोदी असो की रेल्वे, थोड्याफार फरकाने प्रश्न तेच. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्यांकडे तो भरून मिळतो आणि बरंचसं काम खरंच नीट होतं. मागच्या 5 वर्षांत जिथे जिथे वर्षाहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते लागतात. भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्यांचा इथे हमखास एखादा पत्ता सुटतो आणि पडताळणी लटकते. दुकानातली मुलं मात्र खोदून खोदून विचारतात, पिनकोडसकट टाकतात.

पुढच्या पानावर अटक, खटला, स्थानबद्धता, कोर्टाचा दंड, दोषसिद्धी, परीक्षेला बंदी, चालू केस अशी रांग येते. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. इथे कुणी काही विचारत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतात, नाव-पत्ता बदलतात आणि त्याचे सगळे 'नाही' तुमच्या फॉर्मवर तसेच राहतात. खाली सही तुमची असते.

याचा फटका कुणाला बसतो? कॉलेजात गांजा ओढताना पकडला गेलेल्या, जामिनावर सुटलेल्या आणि कुर्ला कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरलेल्या मुलाला. दंड भरला, मिटलं, असं तो धरून चालतो. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 27 खाली गांजाच्या सेवनाला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता दंड झाला तरी तो दोषी ठरलाच. म्हणजे अटक, खटला, दंड, दोषसिद्धी अशा चार ठिकाणी 'हो' यायला हवं, आणि दुकानातून चारही 'नाही' होऊन येतात. पोलीस ठाण्याच्या नोंदीत गुन्हा सापडला की मग प्रश्न गांजाचा उरत नाही, माहिती दडवल्याचा होतो. फॉर्मच्या सुरुवातीलाच तसा इशारा छापलेला असतो. नोकरी लागल्यावर उघड झालं तरी सेवा जाऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात याचे निकष घालून दिले. जे नेमकं विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं, पण ते खरं द्यायचं. किरकोळ गुन्हा दडवला असेल तर नोकरी देणारा तो पोटात घालू शकतो, मात्र तसं त्याच्यावर बंधन नाही. खरं सांगितलं म्हणून नेमणूक मिळेलच असंही नाही. पूर्ववृत्त तपासायचा हक्क नोकरी देणाऱ्याकडे राहतोच. तरीही 'हो' लिहून कागद जोडणाऱ्याकडे बाजू मांडायला जागा असते. वय 18 पेक्षा कमी असताना घडलेल्या प्रकरणाचं वेगळं: बाल न्याय कायदा 2015 चं कलम 24 बहुतेक वेळा अपात्रतेपासून वाचवतं, पण अशा वेळी वकिलाला विचारूनच लिहा.

इंटरनेटवरचे अमेरिकन सल्ले इथे लावू नका. तिकडचा सुरक्षा पडताळणीचा एसएफ-86 फॉर्म अटक झाली नसली तरी मागच्या 7 वर्षांतलं अमली पदार्थांचं सेवन विचारतो. आपला नेहमीचा फॉर्म पोलीस आणि कोर्टाबद्दल विचारतो. वैद्यकीय तपासणीत व्यसनाचा प्रश्न आला तर तिथे तिथलं खरं उत्तर द्यायचं.

दुकानात जायचंच असेल तर एफआयआर, आरोपपत्र, निकालाची प्रमाणित नक्कल आणि दंडाची पावती आधी गोळा करा. नक्कल कोर्टात अर्ज करून मिळते, तिला वेळ लागतो, म्हणून निवड यादी लागली की लगेच अर्ज टाका. केस क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर नावाने शोधा; जुनं प्रकरण तिथे नसलं तर थेट कोर्टाच्या कचेरीत. कलम आणि तारीख निकालावरून उतरवा, आठवणीने नको. पत्ते, शिक्षण, फोटो दुकानावर सोडा. अटकेचा रकाना रिकामा ठेवून प्रिंट मागा आणि स्वतः पेनने भरा.

फॉर्म दिल्यानंतर अटक झाली तर तेही ताबडतोब कळवायचं असतं; ही सूचना फॉर्मवरच असते, दुकानात कुणी वाचून दाखवत नाही. सही केलेल्या प्रतीची झेरॉक्स मात्र तिथेच काढून घ्या. पुढे पडताळणीला बोलावलं तर काय लिहिलं होतं ते समोर असतं.