ड्राफ्टमधून संघ बांधायचा की ट्रेड करून? ओक्लाहोमा आणि फिनिक्सचे दोन रस्ते

२०२४-२५ च्या एनबीए, म्हणजे अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या, हंगामात ओक्लाहोमा सिटी थंडरच्या जेलन विल्यम्सचा पगार होता सुमारे ४८ लाख डॉलर. फिनिक्स सन्सच्या ब्रॅडली बीलचा होता ५ कोटी. विल्यम्स त्या वर्षी ऑल-स्टार झाला, अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण केले आणि २२ जून २०२५ ला ओक्लाहोमाने विजेतेपद उचललं. नियमित हंगामात त्यांनी ८२ पैकी ६८ सामने जिंकले होते. फिनिक्सने ३६ जिंकले आणि प्लेऑफही गाठता आली नाही.

हा फरक आला कुठून, हे समजलं की ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड, त्यात तळाच्या संघांना आधीच्या पाळ्या) की ट्रेड (दुसऱ्या संघाशी खेळाडूंची देवाणघेवाण), यातला कुठला रस्ता धरायचा याचं निम्मं उत्तर मिळतं. व्हिडिओ गेमच्या मॅनेजर मोडमध्ये फ्रँचायझी चालवणारे असोत किंवा आपल्या आवडत्या संघाचा जीएम (संघ बांधणारा जनरल मॅनेजर) बरोबर करतोय की चूक, हे ठरवू पाहणारे, हिशेब दोघांसाठी एकच आहे.

ड्राफ्ट नेमकं काय देतो

ड्राफ्ट स्टार देतो असं सरसकट म्हटलं जातं. खरं तर तो स्वस्त वर्षं देतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार ठरीव तक्त्याप्रमाणे होतो: दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. चौथ्या वर्षानंतरही संघाने क्वालिफाइंग ऑफर दिली की तो ‘रिस्ट्रिक्टेड’ फ्री एजंट (करार संपलेला, पण अटींसह मोकळा) होतो. म्हणजे दुसऱ्या कुणी कितीही बोली लावली तरी तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेता येतं. व्हिक्टर वेम्बन्यामा २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे १ कोटी २२ लाख डॉलर होता. त्या वर्षीची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, होती १३ कोटी ६० लाख. पिढीतून एखादाच होतो असा खेळाडू, आणि कॅपचा जेमतेम ९ टक्के हिस्सा.

दहा वर्षं खेळलेला स्टार कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत मागू शकतो. २०२५-२६ ची कॅप १५ कोटी ४६ लाखांची, म्हणजे एका माणसाला ५ कोटी ४१ लाख. असे दोन घेतले की पंधरा जणांच्या संघात उरलेल्या तेरा जणांसाठी कॅपचा ३० टक्केच भाग उरतो. कॅप ओलांडायची सोय आहे, पण २०२३ च्या कामगार करारापासून वरच्या मर्यादेने, म्हणजे ‘सेकंड एप्रन’ने, फास आवळला आहे. २०२५-२६ साठी ती २० कोटी ७८ लाखांच्या आसपास होती. तिच्या वर गेलेल्या संघाला ट्रेडमध्ये दोघांचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधली निवडीची पाळी, गोठवला जातो: तो ट्रेडमध्ये देता येत नाही. संघ महाग झाला आणि चुकला, तर ती चूक दुरुस्त करायची हत्यारंच काढून घेतली जातात. म्हणून आज स्वस्त वर्षांचा भाव पूर्वीपेक्षा जास्त आहे.

हरून पिक मिळवण्याचा भाव

मग मुद्दाम हरत राहावं आणि वरचे पिक घ्यावेत? इथेच बहुतेकांची गणना चुकते.

ड्राफ्टचा क्रम ठरवणारी लॉटरी कशी निघते ते बघा. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू असतात. वीस सेकंद घुसळून पहिला काढतात, मग दर दहा सेकंदांनी एक, असे चार. क्रमाला महत्त्व नाही, त्यामुळे चार आकड्यांच्या १००१ जोड्या बनतात. त्यातली एक बाद धरतात आणि उरलेल्या १००० प्लेऑफ न गाठलेल्या १४ संघांमध्ये वाटलेल्या असतात. २०१९ पासून सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी १४० जोड्या मिळतात, म्हणजे पहिल्या पिकची शक्यता फक्त १४ टक्के. त्याआधी तळाच्या संघाला २५ टक्के असायची. तळापासून चौथ्याला आता १२.५, पाचव्याला १०.५. पहिल्या चार जागाच सोडतीने ठरतात, बाकीच्या हंगामातल्या कामगिरीप्रमाणे लागतात.

याचा अर्थ तळाचा संघ पाचव्या जागी घसरण्याची शक्यता ४७.९ टक्के आहे. आणि झालंही तसंच. २०२३ मध्ये डेट्रॉइट, २०२४ मध्ये पुन्हा डेट्रॉइट (त्या हंगामात त्यांनी सलग २८ सामने गमावले होते) आणि २०२५ मध्ये युटा. तीन वर्षं ओळीने सर्वांत वाईट संघाच्या हाती पाचवा पिक आला. २०२५ चा पहिला पिक १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला लागला आणि त्यांनी कूपर फ्लॅग घेतला. संपूर्ण हंगाम पाण्यात घालून १४ टक्क्यांचं तिकीट घ्यायचं, आणि चौथ्या तळाला १२.५ मिळत असताना, हा व्यवहार तोट्याचा आहे. तरुण खेळाडू जिंकायला शिकत असतील तर शेवटचे सहा सामने हरण्यासाठी त्यांना बाकावर बसवू नका.

दुसऱ्याच्या घाईतून आलेले पिक

ओक्लाहोमाची गोष्ट ‘हरले, वरचे पिक मिळाले, जिंकले’ अशी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. जुलै २०१९ मध्ये ओक्लाहोमाच्या जीएम सॅम प्रेस्टीने पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला. बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन अदलाबदलीचे हक्क (त्या वर्षी दोघांच्या पिकपैकी वरचा घेण्याचे) आले. त्या पाचांपैकी २०२२ चा पिक बाराव्या क्रमांकावर आला आणि तोच जेलन विल्यम्स. विजेत्या संघाचे पहिले दोन खेळाडू क्लिपर्सच्या घाईतून आले. स्वतः हरून मिळवलेला मोठा मोहरा एकच, चेट होल्मग्रेन, २०२२ चा दुसरा पिक. तेव्हा ओक्लाहोमा चौथ्या तळाला होतं, म्हणजे तिथे नशिबानेही साथ दिली. होल्मग्रेनचा पहिला हंगाम तर पायाच्या दुखापतीत पूर्ण वाया गेला.

खरोखर वाईट हंगाम त्यांनी दोनच काढले: २२ विजय आणि २४ विजय. मग ४०, ५७, ६८.

बॉस्टननेही हेच केलं होतं. २०१३ मध्ये वय झालेले केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स ब्रुकलिनला देऊन त्यांनी पिक घेतले. जेलन ब्राऊन त्यांतल्याच एकातून आला. दुसरा पहिल्या क्रमांकाचा निघाला, तो फिलाडेल्फियाला देऊन ते तिसऱ्या जागी उतरले आणि तिथून जेसन टेटमला घेतलं. २०२४ चं विजेतेपद याच दोघांच्या जोरावर. इतकी वर्षं बॉस्टनला तळ गाठावा लागला नाही, हरण्याचं काम ब्रुकलिन करत होतं.

दुसऱ्याचा पिक घेताना मात्र अटी नीट वाचा. ‘संरक्षित’ पिक म्हणजे ठरलेल्या क्रमांकाच्या आत आला तर मूळ संघाकडेच राहणारा. डिसेंबर २०२० मध्ये फिलाडेल्फियाने अल हॉरफर्डचा जड करार ओक्लाहोमाच्या गळ्यात घालताना २०२५ चा पिक दिला होता, पहिल्या सहात न आल्यास. २०२४-२५ मध्ये फिलाडेल्फिया कोसळलं, लॉटरीत तिसऱ्या जागी आलं आणि पिक त्यांच्याकडेच राहिला. त्या सौद्यातून ओक्लाहोमाच्या हाती त्या वर्षी काही लागलं नाही.

दुसरी अडचण गर्दीची. संघात पंधरा कायम करार आणि तीन टू-वे (मुख्य संघ आणि खालच्या लीगमध्ये ये-जा करणारे), एवढीच जागा. पिकचा ढीग साठला की ते एकत्र करून वर सरकावं लागतं आणि तिथे नुकसान होतं. २०२२ मध्ये ओक्लाहोमाने पहिल्या फेरीचे तीन संरक्षित पिक न्यूयॉर्कला देऊन अकरावा पिक घेतला. त्यातून आलेला उस्मान जेंग कधी मुख्य फळीत शिरला नाही. एक वर्ष आधी त्यांनी सोळावा पिक दोन भावी पिकच्या बदल्यात ह्यूस्टनला दिला होता. तो होता अल्पेरेन शेंगून, जो पुढे ऑल-स्टार झाला. सर्वांत चांगला जीएमही असे ढळढळीत चुकतो. चुका पचवायला पिकची संख्याच लागते.

ट्रेडचा रस्ता: फिनिक्सची दोन रूपं

फिनिक्सकडे पाहताना न्यायाने वागायला हवं, कारण त्यांनी एकदा हाच रस्ता उत्तम चालून दाखवला. डेव्हिन बुकर (२०१५, तेरावा), डिआंद्रे एटन (२०१८, पहिला), मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन अशी घरची फळी तयार झाली होती. २०१८-१९ मध्ये १९ विजय. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी ओक्लाहोमाकडून क्रिस पॉल आणला आणि २०२१ मध्ये अंतिम मालिका गाठली, पुढच्या वर्षी ६४ सामने जिंकले. निवडलेल्या पोरांना आकार आलेला असताना नेमका एक अनुभवी माणूस आणणं, हा ट्रेडचा सर्वोत्तम वापर. मिलवॉकीने यानिससोबत जरू हॉलिडे आणून २०२१ मध्ये हेच केलं. योकिच आणि मरे स्वतः निवडलेल्या डेन्व्हरने एरन गॉर्डन आणून २०२३ मध्ये.

बिघडलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. केव्हिन डुरांटसाठी ब्रिजेस, जॉन्सन आणि २०२३, २०२५, २०२७, २०२९ असे चार पूर्ण असंरक्षित पिक गेले, शिवाय २०२८ चा अदलाबदलीचा हक्क. एकाआड एक वर्षं का? कारण ‘स्टेपियन नियम’. क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांच्या काळात पिक इतके उधळले गेले की १९८२ चा पहिला पिक लेकर्सकडे निघाला आणि जेम्स वर्दी त्यांचा झाला. तेव्हापासून सलग दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देता येत नाहीत. फिनिक्सने नियमात बसेल तेवढं सगळं देऊन टाकलं.

डुरांट तेव्हा ३४ वर्षांचा होता. २०२९ चा ड्राफ्ट होईल तेव्हा तो ४० चा असेल. खेळाडू संपेल आणि देणं शिल्लक राहील, हे सहीच्या दिवशीच दिसत होतं. चार महिन्यांनी बील आला, तोही ‘माझ्या मर्जीशिवाय ट्रेड नाही’ या कलमासकट. संघ सेकंड एप्रनवर गेला, बदलायला काही उरलं नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डुरांट ह्यूस्टनला गेला, बीलला मोकळं करून त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरले: दरसाल सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलर, न खेळणाऱ्या माणसाला.

ड्राफ्टचा रस्ता कुठे खचतो

फिलाडेल्फियाने २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत २४६ पैकी ४७ सामने जिंकले. ओळीने तीन वर्षं सेंटरच (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) घेतले: नेर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड, जलील ओकाफर. तिघांना एकत्र खेळवता येईना, त्यामुळे दोघांचा भाव पडला. २०१७ मध्ये मार्केल फुल्ट्झसाठी वर सरकताना त्यांनी बॉस्टनला जो तिसरा पिक दिला, तोच टेटम. फुल्ट्झ खांद्याच्या दुखण्याने त्यांच्यासाठी ३३ सामने खेळला. एम्बीड पुढे एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, तरी संघ दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही.

सॅक्रामेंटो किंग्जचं नातं आपल्याशीही आहे. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ इंडियाना पेसर्सविरुद्ध मुंबईच्या एनएससीआय डोममध्ये खेळला. या संघाने लागोपाठ १६ हंगाम प्लेऑफ पाहिली नाही, तो एनबीएतला विक्रम ठरला. पिक कमी नव्हते. २०१२ मध्ये पाचवा टॉमस रॉबिन्सन घेतला, सहावा डेमियन लिलार्ड होता. २०१८ मध्ये दुसरा मार्विन बॅगली घेतला, तिसरा लुका डॉन्चिच. दरवर्षी वर निवडायचं आणि प्रशिक्षक बदलत राहायचं, यात वीस वर्षांचं पोर घडत नाही. बाराव्या क्रमांकावर मिळालेला टायरिस हॅलिबर्टन त्यांनी २०२२ मध्ये डोमांटस सबोनिससाठी दिला. सबोनिसने दुसऱ्याच वर्षी दुष्काळ संपवला, हॅलिबर्टनने २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. हा ट्रेड वाईट म्हणवत नाही. पण तो संघ काय शोधत होता, ते त्यातून कळतं.

दुसऱ्या फेरीवर मोठी गणितं मांडू नका. योकिच ४१ वा होता हे खरं, पण २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसने निवडलेला आपला सतनाम सिंग एनबीएचा एकही सामना खेळू शकला नाही, आणि त्या टप्प्यावर सर्रास होतं ते हेच.

मग कोणी काय निवडावं

तुमच्याकडे २६ च्या आतला, संघाचा पहिला खेळाडू ठरेल असा कुणी नसेल आणि शहर लॉस एंजेलिस किंवा मायामी नसेल, तर ड्राफ्ट. फ्री एजंट आपणहून येणार नाहीत. पण स्वतःच्या पराभवांवर विसंबू नका. कॅपमध्ये जागा मोकळी ठेवा, इतरांचे नकोसे करार त्यात घ्या आणि प्रत्येकासोबत एक पिक मागा. लक्ष ठेवायचं ते तिशी ओलांडलेल्या स्टारवर सगळं लावलेल्या संघांच्या पिकवर, तेही चार-पाच वर्षांपुढच्या.

असा खेळाडू असेल तर ट्रेड करा, मात्र २९ च्या आतल्या माणसासाठी. आणि असंरक्षित पिक देताना आपला मुख्य खेळाडू त्या वर्षी किती वयाचा असेल ते आधी कागदावर लिहा.

लेकर्सचा रस्ता, म्हणजे २०१८ मध्ये लेब्रॉन आपणहून येणं आणि पुढच्या वर्षी साठवलेली पोरं देऊन अँथनी डेव्हिस घेणं, फार थोड्या शहरांना परवडतो.

साठवणं कधी थांबवायचं, हेही आधी ठरवून ठेवा. ४० विजयांचा टप्पा आला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुठला तरुण प्लेऑफमध्ये मैदानावर राहू शकत नाही ते दिसू लागतं. ओक्लाहोमाचा जॉश गिडी २०२१ चा सहावा पिक होता, पण २०२४ च्या प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी त्याच्या लांबच्या फेकीची भीती नसल्याने त्याला बाहेरून मोकळा सोडू लागले. जूनमध्ये त्यांनी त्याला शिकागोला देऊन बचावपटू अॅलेक्स करूझो घेतला, जुलैमध्ये रिबाउंडसाठी आयझाया हार्टेनस्टाइनशी तीन वर्षांचा ८ कोटी ७० लाखांचा करार केला. करारातलं तिसरं वर्ष संघाच्या मर्जीचं ठेवलं होतं, कारण त्याच सुमाराला विल्यम्स आणि होल्मग्रेनचे नवे, महागडे करार लागू होणार होते.