रेडिएटरचा पंखा बदलल्यानंतर: ऑक्टोबरच्या उकाड्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

रस्ता मोकळा असताना एसी गार आणि सिग्नलला थांबल्यावर कोमट, अशी तक्रार मुंबईत गाडी चालवणाऱ्या अनेकांची असते आणि बहुतेक वेळा तिचे उत्तर ‘गॅस भरा’ असे मिळते. माझ्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये दोष गॅसचा नव्हता, पंख्याचा होता. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी रेडिएटरच्या पंख्याची संपूर्ण असेंब्ली, म्हणजे मोटर, पाती, भोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण आणि कमी वेगासाठी वीजप्रवाह घटवणारा रेझिस्टर, एकत्र बदलून घेतली. त्यानंतर ऑक्टोबरचा उकाडा, एप्रिल-मेच्या घामट दुपारी आणि आता पावसाळा, असे सर्व हवामान या पंख्याने पाहिले आहे. म्हणून पहिल्या आठवड्याच्या उत्साहात न लिहिता आता लिहीत आहे.

माझा रोजचा रस्ता मुलुंडहून गांधीनगर, पवई आणि तेथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने अंधेरीकडे जाणारा आहे. आयआयटीच्या पुढे संध्याकाळी गाडी जवळजवळ उभीच असते आणि नेमके तेथेच एसी हात टेकत असे. झरोक्यातून येणारी हवा हळूहळू दमट होत जाई, काही मिनिटांनी कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) ‘टक’ असा आवाज करून बंद पडे, पुन्हा सुरू होताना इंजिन किंचित थरथरे, आणि हे चक्र गाडी वेग घेईपर्यंत चालू राही. तापमानाचा काटा मात्र सदैव मध्यावर होता. त्यामुळे इंजिन तापत नाही, म्हणजे पंखा ठीक आहे, असा निष्कर्ष जवळच्या एका गॅरेजने काढला. त्यांनी गॅस काढून नव्याने भरला, आणि महामार्गावर उत्तम चालणारा एसी पवईत पुन्हा तसाच कोमट झाला.

येथे डॅशबोर्डवरच्या काट्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तो बहुतेकांची दिशाभूल करतो. अनेक गाड्यांत हा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो, की कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान साधारण ८० अंशांपासून १०० अंशांच्या पुढेपर्यंत कितीही असले तरी तो मध्यावरून हलत नाही. तो हलू लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी-२ चे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधील माहिती वाचण्याचे, सॉकेट असते. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर बसवला की मोबाइलवर कूलंटचे खरे तापमान दिसते. मी तो घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी चित्र स्पष्ट झाले. चालत्या गाडीत आकडा ९० च्या आसपास राही. कोंडीत तो चढत चढत १०४ पर्यंत जाई, मग पुढून विमानासारखा घोंघाट होऊन पंखा पूर्ण वेगाने सुटे आणि आकडा खाली आणून थांबे. आकडा १०४ वर जाईपर्यंतच्या संपूर्ण काळात एसी चालू होता आणि पंखा फिरतच नव्हता. वास्तविक माझ्या गाडीत एसीचे बटण दाबताच पंख्याने कमी वेगाने फिरायला हवे.

असे का होते हे समजले की पुढचा शोध सोपा होतो. समोरच्या जाळीमागे आधी एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर आणि त्याच्यामागे इंजिनचा रेडिएटर असतो, आणि माझ्या गाडीसारख्या अनेक गाड्यांत दोघांतून हवा खेचणारा पंखा एकच असतो. गाडी धावत असताना वारा आपसूक मिळतो, म्हणून पंखा नसला तरी एसी गार राहतो. गाडी थांबली आणि पंखाही फिरत नसला की कंडेन्सरमधील उष्णता बाहेर जाण्याचा मार्गच बंद होतो, गॅसचा दाब वाढत जातो आणि दाबाचा सेन्सर शेवटी कॉम्प्रेसर बंद करतो. इंजिनला पंख्याची गरज १०० अंशांच्या आसपास भासते, कंडेन्सरला मात्र ती पहिल्या मिनिटापासून असते. म्हणून पंख्याचा आजार आधी एसीत दिसतो आणि काट्यावर कितीतरी नंतर.

अशा गाड्यांत बहुधा पंख्याला दोन वेग असतात. पूर्ण वेगासाठी रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) थेट बॅटरीचा प्रवाह जातो, तर कमी वेगासाठी तोच प्रवाह रेझिस्टरमधून जातो. रेझिस्टर जळाला तर फक्त कमी वेग मरतो. गॅरेजमध्ये पंखा तपासण्याची जी सर्रास पद्धत आहे ती येथेच फसते. कूलंटच्या सेन्सरचा प्लग काढला की कॉम्प्युटर सुरक्षिततेसाठी पंखा पूर्ण वेगाने सुरू करतो, आणि ते पाहून ‘पंखा ओके’ असे सांगितले जाते. त्या तपासणीने मोटर, फ्यूज आणि मोठा रिले चालू असल्याचे कळते, कमी वेगाबद्दल काहीच कळत नाही. माझ्या गाडीची तपासणी अशीच झाली होती. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की इंजिन सुरू करून, एसी लावून, बॉनेट उघडून स्वतः उभे राहून पाहावे. त्या वेळी हात आणि ओढणी, टाय यांसारखे काहीही पंख्याजवळ जाऊ देऊ नये, कारण काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही अचानक फिरू लागतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या-नव्या स्पेअर पार्टची दुकाने ओळीने आहेत. तेथील एका वयस्क इलेक्ट्रिशियनने जी चाचणी केली ती कोणालाही करता येण्यासारखी आहे. एसी चालू, गाडी उभी, कॉम्प्रेसर दमलेला, अशा अवस्थेत त्यांनी समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर साध्या बाटलीने पाण्याचा फवारा मारला. मी आत बसून झरोक्यापुढे हात धरला होता. अर्ध्या मिनिटात हवा बोचरी गार झाली. बाहेर गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजवर जास्त दाबाच्या बाजूचा काटा ३०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) वरून घसरत २२० च्या जवळ आला. “गॅस आहे तेवढा बरोबर आहे, साहेब. पंखाच ‘लो’वर, कमी वेगाने, फिरत नाहीये,” एवढेच ते म्हणाले. गॅस कमी असता तर पाण्याने असा फरक पडला नसता. हे पाणी फक्त कंडेन्सरवर मारावे, तापलेल्या इंजिनवर किंवा वायरिंगवर नव्हे, आणि रेडिएटरचे झाकण तर गरम असताना मुळीच उघडू नये.

गॅसबद्दल आणखी एक मुद्दा. बंद, थंड गाडीत आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब हवेच्या तापमानावर ठरतो. ३० अंशांना तो दोन्ही बाजूंना ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास असतो, मग आत गॅस पुरेसा असो वा थोडा कमी. म्हणजे त्या दाबावरून प्रमाण कळत नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये वजन लिहिलेले असते आणि गॅस त्या वजनानेच भरला पाहिजे. पंखा बंद असताना ‘थोडा अजून’ म्हणून गॅस टाकणे हे तर कॉम्प्रेसरच्या जिवावर उठणारे आहे, कारण आधीच चढलेला दाब त्याने आणखी चढतो.

नुसता रेझिस्टर बदलता आला असता आणि तो स्वस्तही पडला असता. परंतु मोटर बाहेर काढल्यावर तिचे फिरत्या भागाला वीज देणारे कार्बन ब्रश संपत आलेले दिसले आणि प्लगच्या एका पिनेभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळले होते. मोटर जास्त प्रवाह ओढत होती आणि रेझिस्टर त्यामुळेच जळाला, असा इलेक्ट्रिशियनचा अंदाज होता. तो मला पटला. नवा रेझिस्टर जुन्या मोटरवर लावला असता तर तोही फार टिकला नसता. ‘फॅन डायरेक्ट करून देतो, स्विच बसवतो’ असाही प्रस्ताव दुसरीकडे मिळाला होता. आपल्या शहरात हा उपाय फार लोकप्रिय आहे, आणि मला तो ठाम नापसंत आहे. कॉम्प्युटरच्या हातातील काम चालकाच्या आठवणीवर सोपवले जाते, मोटर विनाकारण सतत फिरते, आणि त्या नव्या वायरला योग्य क्षमतेचा फ्यूज क्वचितच लावलेला असतो.

कंपनीची असेंब्ली नुसत्या लोकल मोटरच्या दुपटीहून महाग होती. बसवल्यावर लगेच दोन गोष्टी तपासून घेतल्या. कंडेन्सरसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला असता तो जाळीला चिकटून बसला, म्हणजे पंखा हवा आत खेचत आहे. वायरिंग उलटे जोडले गेले तर पाती उलट फिरतात आणि कागद दूर उडतो. दुसरे म्हणजे अर्थिंगचा सांधा घासून स्वच्छ करून घेतला. समुद्राच्या खाऱ्या हवेत या सांध्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि बाकी सर्व नवे असूनही मोटरला पुरेसा प्रवाह मिळत नाही.

आता इतक्या महिन्यांनंतरची स्थिती. मेच्या दुपारी, आतली हवा फिरती ठेवून, मधल्या झरोक्यात डिजिटल थर्मामीटर खोचला असता उभ्या गाडीत ११ ते १२ अंश मिळतात. दुरुस्तीपूर्वी याच परिस्थितीत २१-२२ दिसत होते. चालत्या गाडीत ७-८ अंश मिळतात, ते पूर्वीही मिळत. कोंडीत कूलंट ९७-९८ च्या वर गेलेले पाहिले नाही. खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे, एसी चालू ठेवून, कमी वेगाने चढतानाही आकडा शंभरीच्या आत राहिला. कॉम्प्रेसर सुरू होतानाची थरथर गेली. इंधनाच्या वापरात मोजण्यासारखा फरक मात्र दिसला नाही, आणि तो दिसेल या आशेने कोणी हा खर्च करू नये.

तक्रारी दोन आहेत. कमी वेगात एक बारीक गुणगुण केबिनमध्ये ऐकू येते, जी जुन्या पंख्याच्या काळात नव्हती. शिवाय आवरणाची एक क्लिप सैल बसली होती, त्यामुळे सुरुवातीला खडखड होत असे. क्लिप बदलल्यावर ती थांबली.

पावसाळ्यात पंख्याला विश्रांती मिळते असे वाटण्याचा संभव आहे, पण काचेवरचे धुके घालवण्यासाठी एसी सतत लावावा लागतो आणि पंखाही सतत फिरतो. एलबीएस मार्गावर पाणी साचलेले दिसले की त्यात शिरण्यापूर्वी मी एसी बंद करतो, जेणेकरून फिरती पाती पाण्यावर आपटून तुटू नयेत किंवा मोटरवर ताण येऊ नये. इंजिन फार तापलेले असेल तर पंखा तरीही सुरू होऊ शकतो. म्हणून खोल पाण्यात जाण्याचे टाळलेलेच बरे. जुलैच्या मोठ्या पावसानंतर प्लग उघडून पाहिला, तो आतून कोरडा आणि पिना चकचकीत होत्या.

ज्यांच्या गाडीचे लक्षण वेगळे आहे त्यांनी मात्र पंख्यावर खर्च करू नये. एसी उभ्या आणि चालत्या गाडीत सारखाच कोमट असेल, तर गॅसची गळती किंवा कॉम्प्रेसर तपासावा. झरोक्यातून वाराच कमी येत असेल, तर केबिन फिल्टर किंवा ब्लोअर. इंजिन कोंडीत ठीक आणि महामार्गावर तापत असेल, तर कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट आणि चोंदलेला रेडिएटर पाहावा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचलेली माती व सुकलेली पाने आमच्याही गाडीत मूठभर निघाली. ती काढताना पाण्याचा जोर कमी ठेवावा, कारण प्रेशरच्या फवाऱ्याने कंडेन्सरच्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि हवेचा मार्ग आणखी अरुंद होतो.